चाकावरचे खुराडे आणि घरच्या लक्ष्मीचा हिशेब



अलीकडे गावोगावच्या बैठकींत एक प्रश्न हटकून निघतो. कापसाचा आणि ज्वारीचा विषय संपत आला की मागे बसलेला एखादा तरुण उठतो, मोबाइलवरचे चित्र पुढे करतो आणि विचारतो, "हे चाकावरचे खुराडे कसे काय? करावे का?" चित्रात हिरवेगार कुरण असते. त्यावर रंगवलेले लाकडी घर असते. एक माणूस हसत हसत ते घर पुढे ढकलतो आणि मागच्या पट्ट्यावर खत पडलेले दिसते. सांगणारा सांगतो की आता खुरपणी नको, खत नको, फवारणी नको, सगळे कोंबड्याच करतील.

आमचे उत्तर "करावे" असेच आहे. आम्ही स्वतः ते केले आहे, फसलो आहोत आणि पुन्हा केले आहे. पण ते कशासाठी करावे आणि कशासाठी करू नये, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. नाहीतर चांगल्या वस्तूची पुन्हा एक योजना होईल, आणि योजनांचे काय होते ते आपण सर्व जाणतो.

जोडधंद्याचा उपदेश

कोरडवाहू शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. त्याने भाव मागितला की त्याला जोडधंदा सुचवला जातो. म्हशी घ्या, शेळ्या घ्या, मधमाश्या पाळा, काहीच जमले नाही तर कोंबड्या पाळा. कापड गिरणीच्या मालकाला सूत परवडेनासे झाले तर "गिरणीच्या आवारात कोंबड्या पाळा" असे कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही. त्याला कर्जाची पुनर्रचना मिळते. शेतकऱ्याला मात्र कोंबडी.

कापसाचा उत्पादन खर्च कापसातून निघाला पाहिजे आणि ज्वारीचा ज्वारीतून. तो अंड्यातून भरून काढा म्हणणे म्हणजे नवऱ्याच्या धंद्यातला तोटा बायकोच्या फुकट मेहनतीने भरून काढा म्हणणे आहे. कारण कोंबड्या कोण पाळते? सकाळी खुराडे कोण उघडते, झाडते, दाणे कोण टाकते, संध्याकाळी मोजून आत कोण घेते? घरची बाई. तिच्या या वेळेची किंमत कुठल्याही अहवालात धरलेली नसते.

करार पद्धतीच्या ब्रॉयलर शेडबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण कोंबडी म्हटले की लोकांच्या डोळ्यापुढे तेच येते. त्या धंद्यात पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. शेडवरचे कर्जही त्याचेच. त्याला किलोमागे वाढवण्याची मजुरी मिळते. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि भाव मातीमोल झाले. शेडच्या कर्जाचे हप्ते मात्र कोणत्याही अफवेने थांबत नाहीत. डोळे उघडे ठेवून, हिशेब करून हा धंदा करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. पण आज आम्ही बोलतो आहोत ते दहा-बारा गावरान कोंबड्यांबद्दल, ज्या अंगणात वाढतात आणि ज्यांच्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही.

कल्पना कोणाची?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात जोएल सॅलॅटिन नावाचा शेतकरी आहे. कोंबड्यांचे पिंजरे रोज कुरणावर पुढे सरकवायचे ही त्याची पद्धत. त्यावर त्याने १९९३ साली पुस्तक लिहिले आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. माणूस कष्टाळू आहे, हिशेबी आहे. पण त्याच्याकडे कुरण आहे. आपल्याकडे गवत आषाढात उगवते आणि दिवाळीनंतर वाळते. मधले सात-आठ महिने जमीन उघडी, भेगाळलेली आणि तापलेली असते. त्यामुळे त्याचे तत्त्व घ्यावे, त्याचा पिंजरा घेऊ नये.

तसे पाहिले तर तत्त्वही आपल्याला नवीन नाही. धनगराला शेतात मेंढ्या बसवायला आपण धान्य देतो, पैसे देतो. मेंढ्या एका रात्री एका तुकड्यावर बसतात, दुसऱ्या रात्री पुढच्या. लेंडी-मूत जागच्या जागी पडते, वाहून न्यावे लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या पिलांची कोंबडी डालग्याखाली झाकत आणि ऊन सरकेल तसे डालगे सावलीला सरकवत. मेंढ्या बसवणे आणि डालगे सरकवणे या दोन गोष्टी एकत्र केल्या आणि खाली दोन चाके लावली की झाले चाकावरचे खुराडे.

आमचे पहिले खुराडे

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा कुक्कुटपालन म्हणजे हजार पक्ष्यांची शेड, तिची पूर्व-पश्चिम दिशा आणि दर पक्ष्याला किती जागा, एवढेच शिकवले गेले. दहा कोंबड्यांचा विषय अभ्यासक्रमात नव्हता. पदवी घेतलेला माणूस लहान गोष्टही मोठीच करतो. आम्ही पहिले खुराडे केले ते लोखंडी अँगलचे. वर जाड पत्रा, बाजूला पत्रा, सुबक दार, हिरवा रंग. गावात बघायला गर्दी झाली. ज्या बहिणीच्या अंगणात ते ठेवले होते तिने पाहिले, एकदा ओढून पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, हे हलवाले तीन मानसं लागते. तीन मानसं घरी बसून असते तं मी कोंबड्या कायले पाळल्या असत्या?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. खुराडे पंधरा दिवसांत एका जागी रुतले. खाली घाण साचली, गोचीड झाले. मे महिन्यात एका दुपारी आम्हाला निरोप आला. पत्रा तापून आत भट्टी झाली होती आणि पाच कोंबड्या मेल्या होत्या. त्या पाच कोंबड्या म्हणजे तिच्या मुलीच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचे पैसे होते. तिने आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, चहा दिला. त्या दिवशी कळले की हलवायच्या वस्तूचे पहिले माप लांबी-रुंदी नसते. जी हलवणार तिच्या हाताला किती भार येतो, हे पहिले माप.

मोडक्या बाजेचे खुराडे

दुसरे खुराडे आम्ही तिलाच विचारून केले. घरात मोडकी बाज होती, सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. तिचाच सांगाडा घेतला. अठरा चौरस फुटांत रात्रीच्या निवाऱ्यापुरत्या दहा कोंबड्या आणि दोन कोंबडे बसतात. दिवसभर त्या बाहेरच फिरतात.

चाके मोटारसायकलची घेतली, भंगारातली, टायरसकट. सायकलचे चाक मुरमाड अंगणात चालते, पण काळ्या मातीत त्याची अरुंद धाव रुतते. आस कुठे बसवायचा ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून ती नीट सांगतो. मांडणी हातगाडीसारखी आहे. चाके मागच्या बाजूला, पुढे दोन फूट बाहेर आलेल्या दोन मुठी. समजा सगळ्याचे वजन ६० किलो आहे. आस अगदी मागच्या टोकाला बसवला तर मुठी उचलताना हातावर साडेबावीस किलो भार येतो. तोच आस मागच्या टोकापासून दोन फूट आत घेतला तर हातावर फक्त दहा किलो येतो. वजन तेच, लोखंड तेच, खर्च तोच. फक्त आस दोन फूट सरकला आणि तीन माणसांचे काम एका बाईच्या आवाक्यात आले. गावच्या वेल्डरला हे समजावून सांगा आणि तिथे उभे राहून करवून घ्या. पुढचे दोन पाय एवढे ठेवा की मुठी सोडल्यावर तळ सपाट राहील.

तळाला बांबूच्या कामट्या आडव्या बांधा. दोन कामट्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवा, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि कोंबडीचा पाय अडकत नाही. झाडण्याचे काम वाचते. कामट्यांच्या खालून अर्धा इंची जाळी मारली तर साप आणि मुंगूस वर येत नाहीत. विष्ठा जाळीवर अडकते, म्हणून जाळी आठवड्यातून एकदा काठीने ठोकावी.

बाजूला सगळीकडून वेल्ड केलेली जाळी लावा. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी स्वस्त पडते, पण कुत्रे ती दाताने फाडते. जाळीवर बाहेरून खालच्या दीड फुटाला तुराट्यांचा ताटवा बांधा. वरचा भाग उघडा राहू द्या, वारा खेळला पाहिजे. थंडीत वरच्या भागाला पोत्याचा पडदा सोडा.

छपराला पत्रा नको. पावसासाठी जुना फ्लेक्स घ्या. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स गावात पुष्कळ असतात, वाढदिवस उलटला की त्यांचा हा एक खरा उपयोग आहे. मात्र नुसता फ्लेक्स उन्हात तापतो, म्हणून त्यावर कडब्याचा चार बोटे थर टाकून दोरीने आवळा. कडबा खराब झाला की बदला.

आत बसायला सहा फुटांच्या दोन आडव्या काठ्या, अंगठ्यापेक्षा थोड्या जाड. अंडी घालायला एक फूट लांब-रुंद असे तीन कप्पे, थोडे अंधारे, बाहेरून हात घालून अंडी काढता येतील असे. दाराला कडी एक नको, दोन हव्यात. मुंगसाला आणि रानमांजराला एक कडी ढिली करायला वेळ लागत नाही. मृगाच्या वादळात खुराडे उलटू नये म्हणून मुठींजवळ दोन खुंट्या ठोकून बांधून ठेवा. आमच्याकडे बांबू, जाळी, वेल्डिंग आणि चाके मिळून पाच हजार रुपयांच्या आत भागले. बाज आणि तुराट्या घरच्या. ज्याच्याकडे जाळी आणि चाके पडून असतील त्याचे त्याहून कमीत होईल.

काळ्या रानात काय चालते

आता चित्रातल्या हिरव्या कुरणावरून आपल्या रानात येऊ.

पहिली गोष्ट फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले, हे आपण विसरलेलो नाही. जे औषध माणसाला मारते ते कोंबडीला सोडत नाही. फवारलेल्या कपाशीत खुराडे नेऊ नका. मेलेल्या अळ्या टिपूनही कोंबडी मरते, आणि मेली नाही तर ते विष अंड्यातून आपल्या ताटात येते. कपाशीचे आणि ज्वारीचे बी औषध लावून, रंग देऊन येते. पेरणीच्या वेळी सांडलेले ते दाणे कोंबड्यांच्या चोचीला लागू देऊ नका. म्हणजे पेरणीपासून वेचणी संपेपर्यंत खुराड्याची जागा अंगणात, गोठ्याजवळ किंवा न फवारलेल्या पडीक धुऱ्यावर. पावसाळ्यात तर ते काळ्या रानात न्यायचेच नाही. चाकाला माती लागते, चाक फिरायचे थांबते आणि गाडीची पाटी होते.

खरा मोका उलंगवाडीनंतर. पऱ्हाटी उपटली, रान मोकळे झाले की खुराडे रात्रीच्या मुक्कामाला शेतात न्या. कोंबड्या पालापाचोळा उकरतात, त्यातले कोष आणि किडे खातात. त्यांच्या जिवावर बोंडअळी जाईल असे मात्र समजू नका. पऱ्हाटी वेळेवर काढणे आणि तिची विल्हेवाट लावणे याला कोंबडी पर्याय नाही. कडक ऊन सुरू झाले की दिवसा खुराडे निंबाखाली, पाण्याचे मातीचे भांडे सावलीत. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकू लागली की तिला वाचवायला थोडाच वेळ असतो.

दुसरी गोष्ट दाण्याची. पांढरी रब्बी ज्वारी कोंबडीला उत्तम. तिने बलक फिका पडतो, म्हणून शेवग्याचा किंवा हदग्याचा पाला द्यावा. पण खरिपात पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी, जी व्यापारी घेत नाही आणि आपण "कोंबड्यायले होईल" म्हणून बाजूला ठेवतो, ती त्यांना घालू नका. त्या काळेपणात बुरशीचे विष असते. सरकीची ढेपही कोंबडीला नको. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते म्हशीला पचते, कोंबडीला बाधते आणि अंडे ठेवले की बलक हिरवट-तपकिरी पडतो. गिऱ्हाईक एकदा असे अंडे फोडले की पुन्हा येत नाही.

तिसरी गोष्ट मानमोडीची. खुराडे कितीही चांगले असले तरी मानमोडी आली की एका आठवड्यात ते रिकामे होते. पिल्लू आठवडाभराचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिनाभराचे झाले की पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एकट्या घराला ती परवडत नाही. गावातल्या वीस बायांनी एक दिवस ठरवला, बर्फाच्या थर्मासात एक कुपी आणली, तर माणशी खर्च दहा-वीस रुपयांच्या पुढे जात नाही. कोंबड्या खुराड्यात असल्या की पहाटे एकेक हाती लागते, गावभर पळावे लागत नाही. खुराड्याचा हा फायदा कोणत्याच चित्रात दाखवत नाहीत. तलावाकाठी, जिथे बाहेरचे पक्षी उतरतात तिथे खुराडे नेऊ नका. परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लू सापडला होता. एकदम चार-सहा कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर टाकू नका, जनावरांच्या डॉक्टरला कळवा.

खताचा हिशेब

एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. बारा पक्ष्यांची वर्षाची झाली पावणेपाच क्विंटलच्या थोडी वर. त्यात नत्र सुमारे पावणेसहा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असते २० किलो ७०० ग्रॅम. म्हणजे बारा कोंबड्यांचे वर्षाचे नत्र पाव गोणी युरियाच्या थोडे पुढे, आणि त्यातलेही निम्मेच रात्री खुराड्याखाली पडते, बाकीचे गावभर. उन्हात काही उडूनही जाते. स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय भाग हा वरचा लाभ.

खुराडे रोज त्याच्या लांबीएवढे सरकवले तर वर्षात सहा गुंठे होतात. उभे पीक, चिखल आणि ऊन वजा जाता दोन-अडीच गुंठे हाती लागतात. एवढ्यावर वांगी, मिरची, पालेभाजी झकास येते आणि घरची भाजी बाजारातून आणावी लागत नाही. पण पाच एकर कपाशीचे खत कोंबड्या देतील असे जो सांगतो, त्याला एकतर गुणाकार येत नाही किंवा त्याला काहीतरी विकायचे आहे.

पैशाचा हिशेब

हे आकडे आमच्या वहीतले आहेत. तुमचे भाव वेगळे असतील, तुमचे आकडे घाला.

दहा गावरान कोंबड्या, प्रत्येकीची वर्षाला ५५ अंडी, एकूण ५५०. त्यातली १२० खुडूक कोंबड्यांखाली बसवली. ८० पिल्ले निघाली, ४० मोठी झाली. दहा घरच्या म्हाताऱ्या कोंबड्यांच्या जागी ठेवली, ३० विकली, ३५० रुपये दराने १०,५०० आले. उरलेल्या ४३० अंड्यांतली ३०० दहा रुपयांप्रमाणे विकली, ३,००० आले. १३० घरच्या लेकरांनी खाल्ली, त्यांचेही १,३०० धरू. एकूण १४,८००.

खर्चाला दाणे लागले मोठ्यांना सव्वादोन क्विंटलच्या आत आणि वाढत्या पिलांना एक क्विंटल, मिळून तीन क्विंटल २० किलो. निम्मे खळ्यावरचे, चाळणीचे, सांडलेले. उरलेले निम्मे ३,००० रुपये क्विंटलने ४,८००. लस-औषध ५००. खुराड्याचे ५,००० पाच वर्षांत वाटून वर्षाला १,०००. एकूण ६,३००. शिल्लक ८,५००.

इथपर्यंत सगळे वाचतात आणि टाळी वाजवतात. पुढची ओळ कोणी वाचत नाही. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, वर्षाचे ३६५ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ४५ दिवस. ८,५०० भागिले ४५, दिवसाला १९० रुपयांच्या आत. आमच्या भागात बाईला वेचणी-निंदणीची मजुरी याहून जास्त मिळते. म्हणजे कोंबड्यांचा धंदाही कापसासारखाच घरच्या मेहनतीची पुरी मजुरी देत नाही.

मग करायचे कशाला? तीन कारणांसाठी. पहिले, हे ४५ दिवस सलग नाहीत. चुलीवर भाकरी भाजता भाजता जाणारे ते तुकडे आहेत आणि त्या तुकड्यांना बाहेर कोणी मजुरी देत नाही. दुसरे, हा पैसा आठवड्याला येतो. त्यासाठी अडत्याच्या दारात उभे राहावे लागत नाही, कट्टी नाही, ओलावा नाही, "उद्या या" नाही. गिऱ्हाईक अंगणात येते आणि भाव घरची बाई सांगते. आपल्या सबंध शेतीत भाव आपण सांगतो असा दुसरा माल आम्हाला तरी माहीत नाही. तिसरे, खुराड्याने फरक पडतो तो पिल्ले वाचण्यात. खुराडे नव्हते तेव्हा त्याच घरी ८० पिलांतली २० उरत. बाकीची मुंगूस, घार आणि कुत्रे नेत. त्या वीसांवर हिशेब केला तर शिल्लक ८,५०० वरून सव्वातीन हजारांवर येते. झाडलोट वेगळी.

आता दुसरी बाजू बघा. पाच एकर कोरडवाहू कपाशीत २५ क्विंटल कापूस झाला आणि भाव क्विंटलमागे ५०० रुपयांनी पडला, तर १२,५०० रुपये गेले. बाईने दीड वर्ष पहाटे उठून खुराडे सरकवले त्याची कमाई बाजारातल्या एका आठवड्यात गेली. ज्यांना जोडधंद्याचा उपदेश करायचा असतो त्यांनी हा हिशेब एकदा मांडून दाखवावा.

आमच्या तीन अटी

म्हणून आमचे सांगणे असे. खुराडे जरूर करा, पण त्यासाठी एक रुपया कर्ज काढू नका. तयार खुराडे विकायला कोणी आले, अनुदानाचे आमिष दाखवले, तर आधी घरच्या बाईला त्याच्या मुठी उचलून पाहू द्या. तिला जे एकटीने हलत नाही ते दारात घेऊ नका, फुकट मिळाले तरी नको. आणि अंड्यांचा, पिलांचा पैसा तिच्या हातात राहिला पाहिजे. तो बियाण्याच्या उधारीत किंवा पानठेल्यावर जाणार असेल तर खुराडे कशाला, डालगेही करू नका.

ज्या बहिणीच्या पाच कोंबड्या आमच्यामुळे गेल्या, तिच्याकडे बाजेचे खुराडे चार वर्षे चालले आहे. कडब्याचे छप्पर तिने तीनदा बदलले, चाके तीच आहेत. मुलगी आता तालुक्याला शिकते आणि सुट्टीत आली की वहीत अंडी लिहिते. वर दिलेला हिशेब त्या वहीतूनच घेतला आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी अशी वही घेऊन यावे. बाईच्या तासांचा रकाना त्यात कोरा ठेवू नये. शंभर वह्या एकत्र झाल्या की कापसाच्या उत्पादन खर्चात घरच्या मेहनतीचा आकडा काय धरायचा, यावर आपल्याला अंदाजाने बोलावे लागणार नाही. आणि येताना पुरुषांनी एकट्याने येऊ नये. या विषयावर बोलायचा अधिकार जिचा आहे तिला बरोबर आणावे. खुराडे तेवढा वेळ शेजारीण बघेल.